सोळाशे मीटरची पैज

शनिवार, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप

ऋषी ३०२: कालची फुटबॉलची मॅच बघितली का कुणी? तो डाव्या कडेचा डिफेंडर, लेफ्ट बॅक, ८८व्या मिनिटाला सुद्धा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत आला राव. असल्या माणसाला एक मैल पळायला लावला तर ४ मिनिटं म्हणजे किरकोळ.

चेअरमन काका: रात्री पावणेदोनला गॅलरीत ओरडणारा तूच होतास काय?

ऋषी ३०२: सॉरी काका. गोल होता.

पी.टी. सर २०१: किरकोळ? बाळा, मैल म्हणजे १६०९ मीटर. चारशेच्या ट्रॅकला चार फेऱ्या आणि वर नऊ मीटर. चार मिनिटांत मारायचा तर एक फेरी ६० सेकंदांत. म्हणजे शंभर मीटर पंधरा सेकंदांत.

ऋषी ३०२: शंभर मीटर पंधरा सेकंदांत तर मी पण मारतो सर 😎

पी.टी. सर २०१: एकदा मारशील. त्याला लागून पुढचे पंधरा कोण मारणार?

ऋषी ३०२: पण हे लोक एका मॅचला ११-१२ किलोमीटर पळतात. मैल म्हणजे कसाबसा दीड किलोमीटर. साधं गणित आहे.

हवालदार काका १०४: तुझंच गणित पुढं ने की. ९० मिनिटांत ११ किलोमीटर म्हणजे तासाला सात-सव्वासात. त्या वेगानं मी परेड सुटल्यावर चहाला जातो.

स्नेहा ३०२: 😂😂😂 काका

ऋषी ३०२: ताई तू गप्प बस. सरासरी काढून काय उपयोग, मधे स्प्रिंट असतात. टॉटनहॅमच्या व्हॅन डी व्हेनचा २०२४ मध्ये ताशी ३७.३८ किलोमीटर वेग मोजला गेलाय.

डॉक्टर मॅडम ४०१: ओपीडी संपली, आत्ता वाचलं. ऋषी, तुझा मुद्दा बरोबर आहे की नुसत्या सरासरीवरून ठरवता येत नाही. पण त्यामुळं तुझीच बाजू पडते. खेळाडूंच्या पाठीवर जर्सीच्या आत जीपीएसचं छोटं यंत्र असतं. त्यातून आलेल्या आकड्यांचे फुटबॉलवाल्यांनी टप्पे पाडलेत. ताशी १९.८ किलोमीटरच्या वर गेला की ‘हाय स्पीड’, २५.२ च्या वर गेला की स्प्रिंट. कडेनं खेळणारा, भरपूर पळणारा फुलबॅक किंवा विंगर अख्ख्या मॅचमध्ये १९.८ च्या वर साधारण एक किलोमीटर पळतो. तेही सलग नाही. दोन सेकंद, चार सेकंद, असं तुकड्यातुकड्यांनी, मधे चालत आणि पंचाशी वाद घालत.

आता मैलाचा हिशोब बघ. पाच मिनिटांत मैल म्हणजे ताशी १९.३. चार मिनिटांत म्हणजे २४.१. फुटबॉलमध्ये ज्याला जोरात पळणं म्हणतात, जवळजवळ त्या वेगानं सलग पाच मिनिटं पळालास तर पाच मिनिटांचा मैल होतो. चार मिनिटांसाठी स्प्रिंटच्या उंबऱ्यावर चार मिनिटं उभं राहावं लागतं.

चेअरमन काका: उत्तम माहिती मॅडम 👌

पी.टी. सर २०१: हे मी तीस वर्षं पोरांना सांगत होतो, पण आकडे नव्हते.

ऋषी ३०२: बरं, पण ३७ चा वेग असणाऱ्याला २४ म्हणजे निवांत ना? तेवढा मार्जिन आहे की हातात.

पी.टी. सर २०१: मग उसेन बोल्टला विचार. त्याच्याइतका मार्जिन जगात कुणाकडं नाही. २०१८ मध्ये तो ऑस्ट्रेलियात सेंट्रल कोस्ट मरिनर्सकडं फुटबॉलची ट्रायल द्यायला गेला होता, सराव सामन्यात दोन गोलही मारले. आणि हाच माणूस आयुष्यात एकदाही मैल पळालेला नाही असं त्याच्या एजंटनं सांगितलं होतं. जोरात पळणं आणि जोर टिकवणं ही दोन वेगळी खाती आहेत. एकातले पैसे दुसऱ्यात वळत नाहीत.

स्नेहा ३०२: केनियाची फेथ किपयेगॉन आठवते का? जून २०२५, पॅरिस. बायकांमधली आजवरची सगळ्यात वेगवान मैल धावणारी. वारा अडवायला पुढं-मागं वेग धरून देणारे पेसर, खास बूट, खास सूट, सगळं देऊन चार मिनिटांच्या आत यायचा प्रयत्न केला. ४:०६ च्या वर लागले. आणि आमच्या ऋषीच्या लेफ्ट बॅकला किरकोळ.

ऋषी ३०२: हा मेसेज डिलीट केला

स्नेहा ३०२: मी वाचला 🙂 आईला दाखवते.

डॉक्टर मॅडम ४०१: सगळ्यात पहिल्यांदा चार मिनिटं मोडणारा रॉजर बॅनिस्टर आमच्या धंद्यातला बरं का. ६ मे १९५४, ऑक्सफर्डचा इफ्ली रोड ट्रॅक, ३:५९.४. तेव्हा तो मेडिकलचा विद्यार्थी होता. सकाळी हॉस्पिटलमध्ये गेला, तिथल्याच लॅबमधल्या दगडावर स्पाइक्सना धार लावली, मग ट्रेन पकडून ऑक्सफर्ड.

पी.टी. सर २०१: आणि एकट्यानं नाही मोडली. आधी ब्रॅशर पुढं, मग चॅटवे पुढं. दोघांनी वेग धरून दिला, शेवटी हा सुटला. पेसर नसता तर जमलं असतं का, देव जाणे. आजचा विश्वविक्रम ३:४३.१३, मोरोक्कोचा एल गरूज, रोम १९९९. तेव्हापासून कुणाला मोडता आलेला नाही.

सुनीताताई १०३: एक विचारू का, हसू नका. आमचा ओंकार भरतीला जे सोळाशे पळतोय, ते हेच काय?

पी.टी. सर २०१: तेच ताई. मैलापेक्षा नऊ मीटर कमी. दोन सेकंदांचा फरक धरा.

सुनीताताई १०३: अगोबाई. रोज पहाटे पाचला जातोय म्हणून मी ओरडते त्याला.

हवालदार काका १०४: वहिनी, ओरडू नका. पोलीस भरतीत पोरांना सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत आलं तरच २० पैकी २०. अग्निवीरला ५:३० चं टार्गेट धरून पोरं पळतात. परत पोलिसांच्या त्याच मैदानी चाचणीत शंभर मीटर आणि गोळाफेक. ह्या जिल्ह्यात मैल किती मिनिटांचा हे लंडनपेक्षा जास्त पोरांना पाठ असेल.

ऋषी ३०२: थांबा. मग फुटबॉलवाले नक्की कितीत मारतील? कुणीतरी आकडा सांगा ना.

डॉक्टर मॅडम ४०१: अंदाज सांगते, बिल पाठवणार नाही. चांगल्या फुटबॉलपटूची ऑक्सिजन वापरायची क्षमता किलोमागं मिनिटाला ५५ ते ६५ मिलिलिटर असते. वरच्या दर्जाच्या मैल धावणाऱ्यांची ७५-८० च्या घरात. शिवाय वजन. एल गरूज ५८ किलोचा होता. तुझ्या सेंटर बॅकला ८५ किलो आणि रुंद खांदे लागतात, कारण त्याला धक्का देणारा पण तेवढाच असतो. तो जास्तीचा भार चार फेऱ्या वाहायचा. तर मिडफिल्डर, फुलबॅक वगैरे, कसलीही खास तयारी न करता ५ ते साडेपाच मिनिटं. एखादा जात्याच दमदार असला तर पाचच्या आत. गोलकीपरबद्दल मी बोलत नाही.

ऋषी ३०२: जेम्स मिलनर तरी? लिव्हरपूलला असताना दरवर्षी सीझनच्या आधीची दम तपासायची लॅक्टेट टेस्ट तोच जिंकायचा. पस्तिशीत सुद्धा. आणि बार्सिलोनाचा लुइस एन्रिके? निवृत्तीनंतर २००७ ला फ्लॉरेन्सची मॅरेथॉन तीन तासांच्या आत मारली त्यानं.

डॉक्टर मॅडम ४०१: चांगली उदाहरणं. एन्रिकेला तर सलाम. पण तीन तासांच्या आतली मॅरेथॉन मारणारा साधारण साडेपाचच्या आसपासच मैल मारतो.

ऋषी ३०२: म्हणजे बार्सिलोनाचा माजी कॅप्टन आणि १०३ चा ओंकार एकाच रांगेत??

हवालदार काका १०४: ओंकारचा नंबर पुढं. 😄

पी.टी. सर २०१: ऋषी, आपल्या पेठेतली फुटबॉलची पोरं भरतीला आली की काय होतं सांगतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमीच्या टीमसाठी जीव टाकून खेळणारी पोरं, दमाला कमी नाहीत. पण शिट्टी झाली की पहिली फेरी गोल मारायला निघाल्यासारखी मारतात. दुसरीत मान मागं जाते. तिसरीत संपतात. फुटबॉलमध्ये तुझा वेग चेंडू ठरवतो, इथं तुझा तुलाच ठरवावा लागतो आणि ते त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

क्रिकेटवाल्यांची ती यो-यो टेस्ट ऐकली असशील. ती मुळात फुटबॉलच्या लोकांसाठी डेन्मार्कच्या बँग्सबोनं काढली. वीस मीटर जा, वीस मीटर ये, दहा सेकंद दम खा, परत. ते दहा सेकंद म्हणजेच फुटबॉल. मैलात ते मिळत नाहीत.

आणि खरं पळणं बघायचं तर आपल्या बीडच्या आष्टी तालुक्यातल्या अविनाश साबळेचं बघ. २०२४ ला पॅरिसमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस ८:०९.९१. भाग घाल: एक मैल ४ मिनिटं २३ सेकंदांना पडला, असे जवळजवळ दोन मैल. मधे २८ अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. तुझा लेफ्ट बॅक कोरड्या ट्रॅकवर त्या वेगानं एकच मैल पळू दे, मी सोसायटीला मिसळ देतो.

चेअरमन काका: मिसळीचं लेखी घ्या.

ऋषी ३०२: लेफ्ट बॅक काय इथं येणार नाही. पण मी आठवड्यातून तीनदा टर्फवर खेळतो. उद्या मीच पळतो. सहाच्या आत.

हवालदार काका १०४: सकाळी सहा वाजता, पोलीस ग्राउंड. ओंकारलाही आणतो. सर, स्टॉपवॉच घ्या.

स्नेहा ३०२: मी व्हिडिओ काढणार.

रविवार

पी.टी. सर २०१: निकाल. ओंकार: १:१८, १:२०, १:२१, १:१७. एकूण ५:१६.
ऋषी: १:१४, १:४६, २:१५, २:०५. एकूण ७:२०.

ऋषी ३०२: पहिल्या फेरीत मी पुढं होतो. त्याचा फोटो आहे का कुणाकडं?

स्नेहा ३०२: तिसऱ्या फेरीत कंबरेवर हात ठेवून आभाळाकडं बघत होतास त्याचा आहे.

डॉक्टर मॅडम ४०१: पाणी थोडं थोडं पी. उलटी झाली का?

ऋषी ३०२: एकदाच.

चेअरमन काका: ओंकारचं अभिनंदन 💐💐

सुनीताताई १०३: धन्यवाद. पण तो घरी आल्यापासून बोलत नाहीये. न जेवता झोपला. सहा सेकंद, सहा सेकंद एवढंच म्हणतोय.

पी.टी. सर २०१: ताई, सहा सेकंद दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत गेलेत, मला दिसलं ते. एकटा पळतो म्हणून. पुढं कुणी असलं की येतील. उद्यापासून मी सव्वापाचला ग्राउंडवर आहे.

हवालदार काका १०४: दुसरी-तिसरी मी सायकलवर धरतो. चौथी त्याची तो बघेल.

ऋषी ३०२: सर, पहिली मी धरू?

पी.टी. सर २०१: १:१४ नाही. १:१७. एक सेकंद इकडं नको, तिकडं नको. जमेल?

ऋषी ३०२: जमवतो. आणि फेरी झाल्यावर?

पी.टी. सर २०१: ट्रॅकच्या आत व्हायचं. नाहीतर त्याच्या पायात येशील.