दुसरी-तिसरीत फळ्यावरची प्रश्नोत्तरे उतरवून घेणे बंद करावे का?

खडूफळा

धडा संपला की 'खालील प्रश्नांची उत्तरे लिहा' येते. पुढचे ठरलेले असते. शिक्षक उत्तरे फळ्यावर लिहितात, मुले ती वहीत उतरवतात, वही तपासली जाते आणि धडा 'झाला'. दुसरी आणि तिसरीत हे पूर्ण बंद करावे, असे माझे ठाम मत आहे. यातून आकलन येत नाही आणि लेखनही येत नाही.

हे वाक्य वाचा: 'टिंबरी गुळखत डोंबाळ्यात शिरली.' टिंबरी कुठे शिरली? डोंबाळ्यात. कशी शिरली? गुळखत. दोन्ही उत्तरे बरोबर आणि अर्थ शून्य. मराठीत प्रत्ययच उत्तर सांगून टाकतो. 'त' दिसला की 'कुठे', 'ने' दिसला की 'कोणी'. मूल प्रश्नातला शब्द धड्यात शोधते, ती ओळ उचलते आणि वहीत टाकते. म्हणूनच 'राजू का रडला?' याचे उत्तर 'म्हणून राजू रडू लागला' असे येते. ओळ बरोबर सापडलेली असते, फक्त कारण तिच्या आधीच्या ओळीत राहून गेलेले असते.

आता हा उतारा घ्या. चार वाक्ये, अठरा शब्द:

'सुमीने छत्री उघडली. दप्तर पोटाशी घट्ट धरले. चिखल चुकवत ती घराकडे निघाली. दारात आजी टॉवेल घेऊन उभी होती.'

यात 'पाऊस' हा शब्द नाही. 'बाहेर काय चालले होते?' असे विचारले की उचलायला ओळच मिळत नाही. दप्तर पोटाशी का धरले? आजी टॉवेल घेऊन का उभी होती? 'आजीला आंघोळ करायची होती' असे उत्तर आले तर 'चूक' म्हणू नका. 'कोणत्या वाक्यावरून? त्यावर बोट ठेव' एवढेच म्हणा. बोट ठेवायला जागा सापडली नाही की मूल स्वतःच पुन्हा वाचते. हे पुन्हा वाचणे म्हणजेच आकलनाचा सराव. उत्तर फळ्यावर तयार असेल तर त्याची गरजच उरत नाही.

लेखनाचे काम पंचवीस मिनिटांत बसते. पाच मिनिटे मूकवाचन, सात-आठ मिनिटे जोडीत तोंडी उत्तरे, दहा मिनिटे स्वतःची दोन वाक्ये, उरलेल्या वेळात शेजाऱ्याला वाचून दाखवणे. दोनच वाक्ये, पण स्वतःची.

सातपुडा

पटले नाही. हे सगळे मराठी घरात बोलली जाते असे गृहीत धरून लिहिले आहे.

धडगावच्या पाड्यावर मूल पावरी बोलत शाळेत येते, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीच्या दक्षिण भागात गोंडी. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आणि गोंडी द्राविडी. मराठी वाक्याची घडण तिथे आयती मिळत नाही. अशा मुलाला 'स्वतःचे वाक्य लिही' म्हटले की पान कोरे राहते. त्याला कळलेले असते, आजी टॉवेल का घेऊन उभी आहे हे तो स्वतःच्या भाषेत पटकन सांगतो. पण 'कारण सुमी भिजली असेल' ही रचना त्याने ऐकलेलीच नसते. फळ्यावरचे वाक्य ही त्याची शिदोरी आहे. ती काढून घेतली तर तो गप्प बसेल आणि आपण त्याला 'कच्चा' ठरवू.

दुसरे म्हणजे वर्ग. एका शिक्षकाकडे पहिली ते चौथी एकत्र असतात. दुसरीची मुले पंधरा मिनिटे अनुलेखन करतात तेव्हाच पहिलीला अक्षरे शिकवता येतात. तुमची पंचवीस मिनिटे येणार कुठून?

खडूफळा

@सातपुडा, भाषेचा मुद्दा मान्य. तोंडी उत्तर घरच्या भाषेतच घ्यावे, त्यात दुमत नाही. पण तुम्ही सांगता ती वाक्याची चौकट आहे, उत्तर नव्हे. फळ्यावर '____ने ____ केले, कारण ____' लिहा आणि रिकाम्या जागा मुलाला भरू द्या. रचना तुमची, विचार त्याचा. सगळ्या वर्गाच्या वहीत एकच उत्तर शब्दशः असेल, तर कोणाला कळले आणि कोणाला नाही हे शिक्षकालाही कळत नाही. माझा विरोध त्याला आहे.

बहुवर्गात शब्दडोंगर हे काम मुलांवर सोडता येते:

आजी
आजी उभी
आजी दारात उभी
आजी दारात टॉवेल घेऊन उभी

पहिला शब्द द्या, बाकी ओळी मुले रचतात. शांतता तेवढीच राहते आणि लेखन मात्र त्यांचे असते.

काना_मात्रा

दोघेही एक पायरी गाळून बोलता आहात. मूल वाचते किती वेगाने, हे आधी बघा.

मराठीत क्रियापद शेवटी येते. 'दारात आजी टॉवेल घेऊन उभी होती' यात सहा शब्द आहेत. मिनिटाला पंधरा शब्दांच्या वेगाने वाचणाऱ्याला 'होती'पर्यंत पोचायला 24 सेकंद लागतात. तोवर 'दारात' विसरलेले असते. त्याला 'का'चे प्रश्न विचारून काय मिळणार? वाचनाचे अभ्यासक गफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये मांडलेले सूत्र अजून उपयोगी आहे: आकलन म्हणजे अक्षरवाचन गुणिले भाषेची समज. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्य.

म्हणून निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेच्या लक्ष्यात दुसरीसाठी मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीसाठी किमान 60 शब्द, तेही अर्थ समजून, असे धरले आहे.

अडते ते बहुधा जोडाक्षरांवर. वरच्या अठरा शब्दांत तीन आहेत: छत्री, दप्तर, घट्ट. क्रम असा ठेवा. आधी घट्ट, पक्का, डब्बा अशी एकच अक्षर दोनदा येणारी. मग दांडा गाळून होणारी: पुस्तक, म्हैस. रफार सगळ्यात शेवटी, कारण 'सूर्य' म्हणताना र आधी ऐकू येतो आणि लिहिताना मात्र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. मुले 'सूर्य' लिहिताना र खाऊन टाकतात किंवा भलत्या अक्षरावर ठेवतात, ते यामुळेच.

रोज नवा उतारा देऊ नका. एकच उतारा तीन दिवस ठेवा. पहिल्या दिवशी शिक्षकांनी वाचावा, मुलांनी बोट फिरवावे. दुसऱ्या दिवशी जोडीत, तिसऱ्या दिवशी एकट्याने.

ओवी

वेगाशी एका मर्यादेपलीकडे असहमत. घड्याळ लावले की मुले पूर्णविराम गिळतात. 'सुमीने छत्री उघडली दप्तर' असे एका दमात जाते आणि छत्री उघडली की दप्तर, हेच कळत नाही. शब्द मोजायचेच असतील तर आधी उताऱ्यात पेन्सिलीने थांबे आखा: 'दारात / आजी टॉवेल घेऊन / उभी होती.' थांब्यावर थांबून जे मूल 40 शब्द वाचते, ते 70 शब्द धावत वाचणाऱ्यापेक्षा मला पुढचे वाटते.

आणि गुणाकाराची दुसरी बाजूही बघा. परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळांत उलटे चित्र दिसते. मुलांना आजी फोनवर बोलते ते सगळे कळते, पण 'छत्री'वर गाडी थांबते. धडगावचे मूल 'छत्री' खडखडीत वाचते आणि अर्थ विचारला की गप्प. दोघांना एकच इलाज चालणार नाही. पहिल्याला जोडाक्षरांचा सराव हवा, दुसऱ्याला उतारा उघडण्याआधी पाच मिनिटे त्या गोष्टींबद्दल बोलणे, शक्य तिथे वस्तू हातात देणे.

लाल_शाई

स्वतःची वाक्ये लिहू द्या म्हणता, मग शुद्धलेखनाचे काय? 'पाणि', 'मूलगा', 'आई ने', 'आबा खाल्ला' (आंबा). चुकीचे रूप दहा वेळा हाताखालून गेले की बसते ते बसतेच. पाचवीत सुधारत नाही. अनुलेखनाचा हा फायदा कोणी बोलतच नाही: शुद्ध रूप डोळ्यांसमोर राहते.

खडूफळा

भीती रास्त आहे, पण उपाय पटत नाही. दोन वाक्यांत सहा लाल गोल दिसले की पुढच्या वेळी मूल एकच वाक्य लिहिते, तेही येणाऱ्या शब्दांचे.

महिन्याला एकच गोष्ट तपासा. आधी अनुस्वार, कारण 'आबा' आणि 'आंबा' यांत अर्थच बदलतो. मग प्रत्यय जोडून लिहिणे: 'आईने', 'घरामध्ये'. त्यानंतर शब्दाच्या शेवटचा इ-उ दीर्घ: पाणी, आई, लाडू, चाकू. अपवाद म्हणून 'आणि' तेवढा भिंतीवर लावा. 'फूल-फुले', 'मूल-मुलगा' हे जोड्यांनी, तिसरीच्या दुसऱ्या सत्रात. हे 1962 च्या लेखननियमांतलेच आहे, फक्त एका वेळी एक. चुकलेल्या शब्दावर काट मारू नका, समासात शुद्ध रूप लिहा आणि मुलाला वाक्य पुन्हा लिहू द्या.

लाल_शाई

एका वेळी एक, हे मान्य. पण श्रुतलेखन सोडू नका. आठवड्याला पाच शब्द आणि एक वाक्य, त्याच महिन्याच्या नियमाचे. तिथे मात्र सगळ्या चुका दाखवाव्यात.

पाटी_दप्तर

तपासणीची अडचण कोणी काढली नाही. चाळीस मुलांची चाळीस वेगळी उत्तरे रोज कोण वाचणार? शिवाय पालक वही उघडतात तेव्हा त्यांना दीड ओळ आणि त्यात चुका दिसतात. शेजारच्या इंग्रजी शाळेतल्या मुलाचे भरलेले पान त्यांनी पाहिलेले असते. वरिष्ठ भेटीला आले की तेही 'स्वाध्याय पूर्ण आहेत का' हेच विचारतात. हा दबाव खरा आहे आणि शिक्षक एकटा आहे.

खडूफळा

रोज सात वह्या नीट वाचा. सहा दिवसांत बेचाळीस होतात, म्हणजे प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदा पूर्ण लक्ष. बाकी दिवशी जोडीदार ऐकतो. पालकांसाठी डाव्या पानावर सुलेखनाच्या पाच ओळी ठेवा, अक्षर तिथे वळवा. उजव्या पानावर मुलाची स्वतःची वाक्ये, तारखेसह. जून आणि डिसेंबरची उजवी पाने शेजारी ठेवून दाखवली की पालकांना फरक दिसतो. तो भरलेल्या पानात दिसत नाही.

सातपुडा

डावे-उजवे पान चालेल. पण 'पूर्ण बंद' या शब्दाला माझा विरोध कायम आहे. जिथे घरची भाषा वेगळी आहे तिथे दुसरीच्या पहिल्या सत्रात पूर्ण वाक्ये फळ्यावर हवीतच: आधी मोठ्याने म्हणून घ्यायची, मग उतरवायची. दिवाळीनंतर चौकट थोडी थोडी काढावी. आधी शेवटचा शब्द पुसावा, मग शेवटचे दोन, मग फक्त 'कारण' ठेवावे. 'कारण'च्या पुढे जे मूल अडेल, त्याच्यासाठी पूर्ण वाक्य पुन्हा फळ्यावर लिहावे आणि त्याच्याबरोबर मोठ्याने म्हणावे.