कॅनडाला व्हॉल्व्ह पाठवायचे आहेत. सीआरएन कोणत्या प्रांताचा घ्यावा?

प्रश्न (व्हॉल्व्ह उत्पादक, भोसरी)

नमस्कार. भोसरी एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात गेट, ग्लोब आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तयार होतात. कास्टिंग कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येते. मशीनिंग, जुळणी आणि हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालील चाचणी) आमच्याकडे होते. देशातील वाफेच्या लाइनसाठी बाष्पके (बॉयलर) संचालनालयाच्या निरीक्षकांकडून तपासणी करून घेऊन फॉर्म ३-सी हे तपासणी-प्रमाणपत्र मिळवणे आमच्या अंगवळणी पडले आहे, आणि युरोपात जाणाऱ्या मालासाठी पीईडीचे, म्हणजे युरोपच्या दाब-उपकरण नियमांचे, प्रमाणपत्रही आहे.

आता अल्बर्टातील एका ग्राहकाने दरपत्रक मागवले असून त्यात प्रत्येक व्हॉल्व्हला सीआरएन, म्हणजे कॅनडाचा नोंदणी क्रमांक, असला पाहिजे अशी अट घातली आहे. त्याच ग्राहकाचे एक गोदाम ऑन्टारिओत आहे आणि काही माल तिकडे जाण्याची शक्यता आहे. पीईडीच्या आधारे हा क्रमांक मिळतो का, तो संपूर्ण देशासाठी एकच असतो की प्रांतागणिक वेगळा, आणि प्रत्येक नगाच्या तपासणीसाठी तिकडच्या निरीक्षकाला बोलवावे लागते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. दर देण्यापूर्वी हे स्पष्ट झाले नाही, तर किंमत आणि मुदत दोन्ही अंदाजाने लिहावी लागतील.

उत्तर १ (दाब-उपकरणे अभियंता, कॅलगरी)

आपण तिसरा प्रश्न शेवटी विचारला आहे, पण उत्तराची सुरुवात तिथूनच करावी लागेल. फॉर्म ३-सी त्या-त्या नगाचा असतो: निरीक्षक माल पाहतात, चाचणी पाहतात आणि सही करतात. सीआरएन नगाचा नसून डिझाइनचा असतो. आपल्या व्हॉल्व्हचे ड्रॉइंग, साहित्य, दाब-तापमानाची मर्यादा आणि ज्या मानकाप्रमाणे तो बनतो ते मानक यांची छाननी एकदा होते, आणि नोंदणी झाली की त्या डिझाइनचे कितीही नग आपण बनवू शकता. त्यामुळे प्रत्येक खेपेला कॅनडाचा निरीक्षक बोलवावा लागत नाही. ग्राहकाने स्वतःच्या खरेदी-अटीत त्रयस्थ तपासणी मागितली असेल, तर तो वेगळा विषय आहे.

पीईडीचे प्रमाणपत्र सीआरएनच्या जागी चालत नाही. इथला पाया सीएसए बी५१ हे कॅनडाचे दाब-उपकरणांचे मानक आणि त्याच्या जोडीला एएसएमई या अमेरिकन अभियंता-संस्थेची मानके हा आहे. बॉयलर आणि दाबपात्रांची सुरक्षा हा कॅनडात प्रांतांच्या अधिकारातील विषय असल्यामुळे देशभरासाठी एकच कार्यालय नाही. अल्बर्टात अब्सा, ऑन्टारिओत टीएसएसए, ब्रिटिश कोलंबियात टेक्निकल सेफ्टी बीसी, क्युबेकमध्ये आरबीक्यू अशा वेगवेगळ्या संस्था हे काम पाहतात, आणि माल ज्या प्रांतात बसवला जाणार, त्या प्रांताची नोंदणी लागते.

क्रमांक कसा वाचायचा हे समजले की निम्मा गोंधळ मिटतो. केवळ नमुन्यादाखल ०सी१२३४५.२५ असा क्रमांक घेऊ. सुरुवातीच्या शून्यावरून ही फिटिंग (पाइपला जोडायचा भाग; व्हॉल्व्हही यातच मोडतो) आहे हे कळते आणि पुढचे ‘सी’ हे अक्षर व्हॉल्व्हच्या वर्गाचे आहे. टिंबानंतरचा पहिला अंक प्रथम नोंदणी करणाऱ्या प्रांताचा असतो. ब्रिटिश कोलंबियाला १, अल्बर्टाला २, सॅस्काचेवानला ३, मॅनिटोबाला ४, ऑन्टारिओला ५ आणि क्युबेकला ६ असे अंक ठरलेले आहेत. म्हणजे वरील डिझाइन आधी अल्बर्टात नोंदले गेले आणि नंतर ऑन्टारिओत. ज्या क्रमांकात ५ नाही, त्याच्या भरवशावर माल ऑन्टारिओत बसवू नये. पहिल्या प्रांतात सखोल छाननी झालेली असली की पुढच्या प्रांतांत काम हलके होते, आणि परस्पर मान्यतेच्या दिशेने प्रांतांनी अलीकडे पावलेही टाकली आहेत. तरीही ग्राहकाकडून मालाच्या अंतिम ठिकाणाचा प्रांत लेखी घ्यावा, असा माझा आग्रह आहे. गोदाम आणि बसवण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक मुद्दा थंडीचा. डब्ल्यूसीबी या नेहमीच्या कार्बन स्टीलच्या कास्टिंगची किमान तापमान-मर्यादा उणे २९ अंश सेल्सिअस धरली जाते. अल्बर्टात उघड्यावरच्या लाइनसाठी ती अनेकदा पुरत नाही आणि ग्राहक एलसीसी हे थंडीसाठीचे कार्बन स्टील मागतात, जे उणे ४६ अंशांपर्यंत चालते. आजच्या चौकशीत फक्त डब्ल्यूसीबी असले तरी अर्जात एलसीसी आणि सीएफ८एम (स्टेनलेस स्टील) यांचाही समावेश करावा, आणि मापे व क्लासही (दाबाची श्रेणी) आपण बनवता तेवढे सगळे घालावेत. नंतर एकेक साहित्य वाढवायचे म्हणजे प्रत्येक वेळी नवा अर्ज, नवे शुल्क आणि नवी प्रतीक्षा.

उत्तर २ (निर्यात कागदपत्रांचे काम पाहणारे, पुणे)

तांत्रिक बाजू वर उत्तम आली आहे. माझ्या अनुभवात अर्ज अडकतात ते बहुधा साध्या कागदांवर.

फिटिंगच्या नोंदणीसाठी वैधानिक घोषणापत्र द्यावे लागते. कंपनीच्या जबाबदार वरिष्ठ अधिकाऱ्याने ते नोटरीसमोर सही करून द्यायचे असते, आणि उत्पादन अमुक मानकाप्रमाणे बनते, गुणवत्ता-व्यवस्था अमुक संस्थेने तपासलेली आहे, असे त्यात शपथपूर्वक सांगायचे असते. गुणवत्तेचा पुरावा म्हणून आयएसओ ९००१ या गुणवत्ता-व्यवस्थेच्या मानकाचे प्रमाणपत्र जोडले जाते, आणि नेमकी तिथेच गफलत होते. माझ्या परिचयाच्या एका कारखान्याच्या प्रमाणपत्रावर शहरातील नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता होता, प्रत्यक्ष उत्पादन मात्र चाकणला होत होते. उत्पादनाच्या जागेचा उल्लेख नसल्यामुळे अर्ज परत आला आणि प्रमाणपत्र दुरुस्त होऊन येईपर्यंत सगळे काम खोळंबले. तेव्हा प्रमाणपत्रावर भोसरीचा पत्ता आहे का, कार्यक्षेत्रात ‘व्हॉल्व्हचे उत्पादन’ असे स्पष्ट लिहिले आहे का, आणि मुदत शिल्लक आहे का, हे आजच पाहून घ्यावे.

कॅटलॉगही डोळ्यांत तेल घालून तपासावा. क्लास १५०च्या डब्ल्यूसीबी व्हॉल्व्हला एएसएमई बी१६.३४ या व्हॉल्व्हच्या मानकाप्रमाणे ३८ अंश सेल्सिअसला २८५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) इतकी दाबाची मर्यादा आहे आणि बॉडीची हायड्रो टेस्ट त्याच्या दीडपट, तो आकडा २५च्या पुढच्या पटीपर्यंत वाढवून, म्हणजे ४५० पीएसआयला होते. सीएफ८एमसाठी हीच मर्यादा २७५ आहे. अनेक कॅटलॉगांत सर्व साहित्यांसाठी एकच आकडा छापलेला असतो. छाननी करणारा अधिकारी असा तक्ता मान्य करीत नाही, आणि त्याने तो मान्य करूही नये. साहित्य बदलले की ताकद बदलते, आणि लाइनवर काम करणारा माणूस त्याच आकड्यावर विसंबून असतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आमच्या आयएसओ प्रमाणपत्रावर भोसरीचाच पत्ता आहे, पण कॅटलॉगमधील तक्ता तपासावा लागेल. आणखी एक शंका आहे. याच मागणीत काही वाय-स्ट्रेनर (लाइनमधील कचरा अडवणाऱ्या गाळण्या) आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह आहेत. स्ट्रेनर आम्हीच बनवतो. सेफ्टी व्हॉल्व्ह बाहेरून घेऊन देणार आहोत. हे सगळे एकाच नोंदणीत बसेल का?

उत्तर ३ (दाब-उपकरणे अभियंता, कॅलगरी)

बसणार नाही. स्ट्रेनर ‘ई’ वर्गात येतो, त्यामुळे त्याचा स्वतंत्र अर्ज करावा लागेल. घोषणापत्राचा नमुना तोच असतो आणि आयएसओचे कागदही तेच चालतात.

सेफ्टी व्हॉल्व्हबाबत मात्र अधिक काळजी घ्यावी. तो ‘जी’ वर्गात मोडतो आणि त्याच्यासाठी केवळ डिझाइनची नोंदणी पुरेशी नसते. त्याची विसर्ग-क्षमता एएसएमईच्या नियमांनुसार नॅशनल बोर्ड या अमेरिकेतील बॉयलर-निरीक्षकांच्या संस्थेकडून प्रमाणित झालेली असावी लागते. शिवाय नोंदणी उत्पादकाच्या नावावर असते, विक्रेत्याच्या नव्हे. म्हणून ज्यांच्याकडून आपण तो घेणार आहात, त्यांच्याकडे अल्बर्टाचा अंक असलेला सीआरएन आणि क्षमतेचे प्रमाणपत्र आहे का, हे विचारून दोन्हींच्या प्रती दरपत्रकाला जोडाव्यात. त्यांच्याकडे ते नसेल, तर ग्राहकाला तसे स्पष्ट कळवून तेवढे दोन नग मागणीतून वगळण्याची विनंती करावी. दाब हाताबाहेर गेल्यावर प्लांट ज्याच्यावर अवलंबून असतो, ते हेच उपकरण आहे, आणि तिथे तडजोड करून मागणी टिकवण्यात अर्थ नाही.

फिटिंगची नोंदणी दहा वर्षे चालते आणि त्यानंतर नूतनीकरण करावे लागते. मधल्या काळात आयएसओ प्रमाणपत्र खंडित झाले तर नोंदणीही अडचणीत येते, म्हणून दोन्हींच्या मुदती एकाच नोंदवहीत लिहून ठेवाव्यात. दरपत्रकात मुदत देताना ‘नोंदणी मिळाल्यापासून अमुक आठवडे’ असे लिहावे. छाननीला किती वेळ लागेल हे आपल्या हातात नसते, आणि इथल्या ग्राहकांना त्याची पूर्ण कल्पना असते.