लेमन लॉखाली गाडी परत करतोय. बंपरचं सांगायचं का?

गिअरबॉक्सग्रस्त :

कॅलिफोर्नियातल्या मंडळींना विचारतोय. (लेमन लॉ म्हणजे पुन्हा पुन्हा दुरुस्त करूनही नीट न होणारी नवी गाडी कंपनीला परत घ्यायला लावणारा कायदा.) मागच्या वर्षी नवीकोरी गाडी घेतली, ४२,००० डॉलर. सिग्नलला थांबून पुन्हा निघताना ती असा हिसका देते की मानेला उसण भरावी. आई सहा महिने आमच्याकडे होती. परत जाईपर्यंत तिला वाटत होतं की मलाच गाडी नीट चालवता येत नाही.

डीलरकडे चार खेपा झाल्या. दोनदा सॉफ्टवेअर अपडेट केलं, एकदा गिअरबॉक्समधली व्हॉल्व्ह बॉडी बदलली, एकदा ‘गाडी नॉर्मल आहे’ असं लिहून परत दिली. गाडी एकूण ४१ दिवस त्यांच्याकडे पडून होती. शेवटी कंपनी गाडी परत घ्यायला तयार झाली. नाव सांगत नाही, सह्या अजून व्हायच्या आहेत.

आता दोन गोष्टी मनाला खातायत.

पहिली : डिसेंबरमध्ये ऑफिसच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना खांबाला ठोकली. चूक शंभर टक्के माझी. इन्शुरन्सला कळवलं नाही, एका गॅरेजवाल्याकडून ३८० डॉलरमध्ये बंपर नीट करून रंगवून घेतला. बाहेरून काही कळत नाही. पण पाऊस पडला की मागचा पार्किंग सेन्सर, मागे चिटपाखरू नसताना, ओरडत बसतो. कंपनीच्या फॉर्मवर प्रश्न आहे : वॉरंटीच्या दुरुस्तीव्यतिरिक्त गाडीचं काही नुकसान झालं आहे का?

दुसरी : वापराबद्दल कापायची रक्कम. गाडीची किंमत गुणिले पहिल्यांदा त्या दोषासाठी गाडी डीलरकडे नेली तेव्हाचे मैल, भागिले १,२०,०००. माझी पहिली रिपेअर ऑर्डर ४,३०० मैलांवरची आहे, म्हणजे १,५०५ डॉलर कापणार. पण १,९०० मैलांवर टायरमध्ये खिळा घुसला म्हणून मी तिथेच गेलो होतो. हिसके तेव्हाच सुरू झाले होते, पण मी बोललो नाही. वाटलं, नवी गाडी आहे, रुळेल. ऑफिसातला मित्र म्हणतो, ‘तेव्हा तोंडी सांगितलं होतं’ असं लिही. मग कपात ६६५ वर येते, सरळ ८४० वाचतात.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, “सांगितलं होतंस का?” मी म्हटलं, नाही. “मग झालं तर,” म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. तेवढ्यावर माझं समाधान झालेलं नाही, म्हणून इथे.

रोखठोक :

अहो, कंपनीने ४१ दिवस तुम्हाला लोनर (डीलरने तात्पुरत्या दिलेल्या) गाडीत फिरवलं, वर ‘नॉर्मल आहे’ म्हणून लिहून दिलं, आणि तुम्ही बंपरवर झोप घालवताय? गिअरबॉक्सचा नि बंपरचा काय संबंध? विचारलं तरी ‘नाही’ म्हणा. ८४० डॉलरचंही तेच. त्यांचे वकील काही तुमच्यासाठी रात्री जागत नाहीयेत.

जुनीच_बरी :

मी या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला आहे, म्हणून लिहिते. मी अशी परत घेतलेली गाडी विकत घेतली आहे.

बहुतेकांना वाटतं, परत दिलेली गाडी भंगारात जाते. नाही जात. कंपनी ती दुरुस्त करते आणि पुन्हा बाजारात आणते. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, ‘लेमन लॉ बायबॅक’ असा शिक्का असतो, डाव्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं. आणि विकत घेणाऱ्याची एका कागदावर सही घेतात. त्यावर मूळ मालकाने कोणत्या तक्रारी केल्या आणि त्यावर काय दुरुस्ती झाली, हे लिहिलेलं असतं. ज्या दोषासाठी गाडी परत आली, तो दुरुस्त झाल्याची एक वर्षाची वॉरंटी मिळते.

मी तो कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीनदा वाचला होता. ‘ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं’, एवढंच होतं. त्या एका ओळीवर विश्वास ठेवून मी पैसे मोजले. गाडी चांगली निघाली, थरथर नाही. पण मागच्या दाराचं रबर कुणीतरी गोंदाने चिकटवलं होतं, ते पहिल्याच पावसात सुटलं आणि माझ्या मुलाचं दप्तर भिजलं. ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मालकाने लपवलं की कंपनीने, मला कधीच कळणार नाही. रोखठोकराव, कंपनीला फसवताय असं तुम्हाला वाटतं. तो सेन्सर बहुधा माझ्यासारखीच्या गळ्यात पडेल.

फाइलवाला_काका :

मी दोन वर्षांपूर्वी यातून गेलोय. वकील नाही, पण फाइल जाडजूड आहे.

बंपरमुळे तुमचा दावा बुडत नाही. कायद्यात गैरवापराने झालेला दोष वगळलेला आहे, पण खांबाला ठोकल्याने गिअरबॉक्स हिसके देत नाही, हे कुणालाही पटेल. उलट लेखी प्रश्नाला ‘नाही’ लिहिलंत आणि गाडी घेताना तपासणाऱ्याने तो सेन्सर पकडला, तर बाकीच्या कागदांवरही शंका येईल. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं, नवा रंग लगेच कळतो.

१,९०० मैलांचं तर विसराच. टायरच्या कामाच्या कागदावर हिसक्याचा उल्लेख नाही, आणि तुम्ही बोललाही नव्हतात. चार खेपा आणि ३० पेक्षा जास्त दिवस हे तुमचं खरं बळ आहे. १८ महिने किंवा १८,००० मैलांच्या आत हे घडलं असेल तर कायदा तुमच्याच बाजूने गृहीत धरतो. इतक्या पक्क्या केसला खोट्याचं ठिगळ कशाला?

त्यापेक्षा हक्काचं मागा. सेल्स टॅक्स, रजिस्ट्रेशन, टोइंग, भाड्याच्या गाडीचा खर्च, सगळं हिशेबात आलंय का बघा. मी टोइंगचं बिल विसरलो होतो, नंतर हळहळलो. वकील लावलात आणि जिंकलात तर त्याची फी कंपनीने द्यायची असते. फक्त २०२५ पासून काही कंपन्यांनी नवी कार्यपद्धती स्वीकारली आहे, काहींनी नाही, तेव्हा तुमची कुठल्या बाजूला ते सहीआधी वकिलाला विचारा.

गिअरबॉक्सग्रस्त :

सगळ्यांचे आभार. काल गाडी देऊन आलो.

फॉर्मवर लिहिलं : डिसेंबरमध्ये मागून ठोकली, बंपर बाहेरून दुरुस्त केला, पावसात सेन्सर चुकीचा वाजतो. गॅरेजच्या बिलाची प्रत जोडली. ४,३०० चे ४,३००च ठेवले.

पाहायला आलेल्या माणसाने वाचलं, मागे जाऊन बंपरवर बोट फिरवलं, फोटो काढला. मला वाटलं आता पैसे कापणार. तो म्हणाला, सेन्सर तुम्ही बदलून द्या नाहीतर आम्ही २९० कापू. मी म्हटलं, कापा. म्हणजे रोखठोक यांच्या हिशेबाने मी ८४० अधिक २९० चा मूर्ख. टोइंगचं बिल मात्र काकांमुळे आठवलं, १६५ परत मिळाले.

ओडोमीटरच्या कागदावर सही करताना हात जरा थांबला. आईला व्हिडिओ कॉल करून रिकामी पार्किंगची जागा दाखवली. म्हणाली, “गाडीच खराब होती होय!”

घरी पोचल्यावर लक्षात आलं, टोलचा फास्टट्रॅक काचेलाच चिकटलेला राहिला. आता उद्या पुन्हा तिकडे, बसने.