ईव्हीला टोल माफ झाला, पण पार्किंगपर्यंत वायर कोण आणणार? वीज कंपनीने की आपण?

विक्रोळी_पूर्व

राज्याचं २०२५ चं ईव्ही धोरण आल्यापासून आमच्या ग्रुपवर एकच कौतुक चाललंय, अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोल माफ. छानच आहे. पण टोल वाचवायला गाडी आधी सोसायटीच्या गेटबाहेर पडली पाहिजे ना, आणि त्यासाठी रात्री ती कुठेतरी प्लगला लागली पाहिजे.

आमच्या शेजाऱ्यांनी गाडी घेतली. चार्जर बसवणारा माणूस आला, मीटर रूम बघितली आणि म्हणाला इथून तुमच्या पार्किंगपर्यंत केबल ओढायचा खर्चच एवढा आहे की विचारू नका. त्यात पॅनेलवर जागा नाही, मग कमिटीचा ठराव, मग कुणीतरी म्हणणार आग लागली तर जबाबदार कोण. शेवटी काय, रात्री अकराला पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशन वायर खाली येते, जोडावर दुधाची पिशवी गुंडाळलेली, भर पावसात. पंधरा अँपिअरचा प्लग सकाळी काढायला जावं तर हाताला चटका बसतो. ह्यात आग लागली तर मात्र कुणीच जबाबदार नाही!

माझं म्हणणं सरळ आहे. जी कंपनी आपल्या भागात वीज देते तिने प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगपर्यंत केबल आणि मीटरचा बोर्ड आणून द्यायचा आणि तो खर्च नेटवर्कच्या खर्चात धरायचा, जसा सबस्टेशनचा धरतात. चार्जर ज्याने त्याने आपापला लावावा. हे जोवर होत नाही तोवर ईव्ही म्हणजे बंगलेवाल्यांची आणि नवीन टॉवरवाल्यांची चैन.

गिरगावकर_चाळ

म्हणजे गाडी तुमची, पार्किंग तुमचं आणि केबलचे पैसे माझ्या बिलातून? वा!

"नेटवर्कच्या खर्चात धरायचा" म्हणजे काय होतं ते सांगतो. वीज कंपनी तो खर्च विजेचे दर ठरवणाऱ्या नियामक आयोगापुढे मांडणार, आयोगाने मंजूर केला की व्हीलिंग चार्ज (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा आकार) नाहीतर फिक्स्ड चार्ज वाढणार आणि तो सगळे भरणार. दोन ट्यूबलाइट आणि एक फ्रिजवाली आमच्या चाळीतली आजीसुद्धा. तिच्याकडे गाडी नाही, पार्किंग तर नाहीच नाही. आम्ही शहरातल्या लोकांनी हे आधी भोगलंय हो, बेस्टच्या वीजबिलात परिवहन तुटीच्या नावाने वेगळा आकार लागायचा, बसचा तोटा विजेच्या ग्राहकाच्या खिशातून. आणि बसमध्ये निदान आजी बसायची तरी. तुमच्या नेक्सॉनमध्ये तिला कोण बसवणार?

विक्रोळी_पूर्व

@गिरगावकर मग त्या न्यायाने वरच्या मजल्यावरचे तीन एसी चालतात त्यांच्यासाठी ट्रान्सफॉर्मर मोठा केला तेव्हा आजीने पैसे भरलेच की. तेव्हा कुणी काही बोललं नाही, गाडीचं नाव आलं की सगळ्यांना एकदम गरिबांची आठवण.

फीडर_पिलर

आयुष्य वितरणात गेलं, आता रिटायर आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. दोघंही अर्धं अर्धं बरोबर बोलताय.

आधी नियम. कंपनीची जबाबदारी मीटरपर्यंत, मीटरनंतरची वायरिंग ग्राहकाची. ही रेघ सगळीकडे हीच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ग्राहक हक्कांचे नियम बदलले, ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं आणि महानगरात नवीन कनेक्शन द्यायची मुदत ७ दिवसांवरून ३ वर आणली. पण ही मुदत नेटवर्क तिथे तयार असेल तर. नवीन केबल टाकायची असेल तर मुंबईत रस्ता खोदायला पालिकेची परवानगी लागते आणि पावसाळ्यात खोदकाम बंद, म्हणजे मे महिन्यात अर्ज केलात तर गणपती होऊन जातील. खांबावरून तार ओढली आणि दिली असं इथे होत नाही, बहुतेक सगळं जमिनीखाली आहे.

आता लोड. लोक ७.२ किलोवॅटचा चार्जर बघतात, ६० गाड्यांनी गुणतात, ४३२ किलोवॅट येतं आणि सेक्रेटरीला घाम फुटतो. आसपासच्या काही इमारती मिळून ६३० केव्हीएचा (ढोबळमानाने किलोवॅटच समजा) एक ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याचा बराचसा भाग पार्किंगनेच खाल्ला. पण मुंबईत गाडी रोज धावते किती? ४० किलोमीटर धरा, त्याला साधारण ६ युनिट लागतात. ६० गाड्यांचे झाले ३६० युनिट. हेच रात्रीच्या ८ तासांत वाटून दिले तर लोड येतो ४५ किलोवॅट. ४३२ आणि ४५! फरक फक्त सगळ्यांनी साडेआठला घरी येऊन एकदम प्लग लावला की आळीपाळीने लावला एवढाच आहे. हे वाटून देणारं साधं यंत्र पॅनेलमध्ये बसतं. म्हणून मी म्हणतो वीज कंपनीचं खरं काम केबलच्या आधी इथे आहे, वेळ सांभाळायचं. ते दुसरं कुणी करूच शकत नाही, कारण ट्रान्सफॉर्मरवर किती लोड आहे ते फक्त त्यांना दिसतं.

स्कूटरवाल्यांनी तर टेन्शनच घेऊ नये. रोजचा एखादा युनिट, गिझरपेक्षा कमी.

चार्जरवाला_ठाणे

मी या धंद्यात आहे, छोटा ऑपरेटर, तेव्हा माझं मत तसंच येणार, आधीच सांगून टाकतो.

२०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केलं की चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नाही, त्यामुळे लायसन्स लागत नाही. त्यामुळे आमच्यासारखे लोक आले. आता तुम्ही म्हणताय वीज कंपनीने पार्किंगपर्यंत यावं. आज बोर्ड लावतील, उद्या म्हणतील चार्जर पण आमचाच घ्या, ॲप पण आमचंच. मुंबईत बघा ना, उपनगरात टाटा आणि अदानी दोघंही वीज वितरणात, दोघांच्या समूहातल्या कंपन्या चार्जिंगच्या धंद्यात, आणि टाटा तर गाड्या पण बनवतात. बेकायदा काही नाही, पण ज्याच्या हातात वायर आहे त्यालाच दुकान पण दिलंत तर मी लोड वाढवून मागितल्यावर माझा अर्ज कोणत्या ढिगात जाईल ते तुम्हीच सांगा.

शिवाय आमच्याकडे चार्ज केलं की १८ टक्के जीएसटी. घरच्या विजेवर तो नाही. गाडीवर ५ आणि चार्जिंगवर १८, हे गणित मला आजपर्यंत कुणी समजावलेलं नाही. त्यामुळे घरी चार्ज करणारा कधी माझ्याकडे येणार नाही हे मला माहितीये, माझं गिऱ्हाईक म्हणजे ज्याला घरी प्लगच नाही तो.

विक्रोळी_पूर्व

@चार्जरवाला अहो मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय चार्जर ज्याचा त्याने लावावा. वायर आणि मीटर कंपनीचा, पुढचं दुकान खुलं. रस्ता पालिकेचा म्हणून गाड्या काय पालिकेच्या असतात का.

चार्जरवाला_ठाणे

कागदावर खुलंच असतं सगळं.

दिवसा_ओला_रात्री_उबर

इथे सगळे कारवाले बोलतायत. आमच्यासारख्यांना सोसायटी नाही, पार्किंग नाही, गाडी रस्त्यावर. फास्ट चार्जरवर युनिटला वीसच्या आसपास जातात, घरगुतीपेक्षा कितीतरी जास्त, आणि तिथे पोचलं की आधीच तीन गाड्या उभ्या, एक चार्जिंग गन बंद, ॲपवर मात्र चालू दाखवतो. एका जागी तर पैसे कापले गेले, चार्जिंग सुरूच झालं नाही, नंबर लावला तर म्हणे तिकीट रेज करा, म्हणजे तक्रार नोंदवा. तो वेळ म्हणजे आमचं भाडं गेलं ना. मला वायर कुणाची, बोर्ड कुणाचा ह्यात इंटरेस्ट नाही. केरळात तिकडच्या वीज मंडळाने विजेच्या खांबावर रिक्षा आणि दुचाकीसाठी चार्जिंग पॉइंट लावलेत, बेंगळुरूत तिथल्या वीज कंपनीची, बेस्कॉमची, स्वतःची स्टेशनं आहेत. मुंबईत स्ट्रीटलाइट आहेत, पे अँड पार्क आहे, मग तिथे का नाही लावत?

गिरगावकर_चाळ

हे मात्र पटलं. रस्त्यावरच्या पॉइंटला माझा विरोध नाही, तो कुणालाही वापरता येतो. बंद गेटच्या आत माझे पैसे नकोत एवढंच.

सेक्रेटरी_बोरिवली

सोसायटीच्या कमिटीला शिव्या घालणाऱ्यांसाठी. आम्ही खलनायक नाही हो. आमची इमारत १९८० च्या दशकातली, वायरिंग तेव्हाची, अर्ध्या फ्लॅटला पार्किंगच नाही, उरलेल्यांचं स्टॅक पार्किंग, वरची गाडी खाली आणल्याशिवाय प्लग लागणार कसा? कॉमन मीटरवर कुणी चार्ज केलं की दुसरे ओरडतात. एकाला परवानगी दिली की पाच जण येतात, सहाव्याला लोड नाही म्हणावं लागतं आणि तो थेट रजिस्ट्रारकडे पत्र टाकतो. वीज कंपनीला पत्र लिहिलं तर उत्तर आलं सोसायटीने सँक्शन लोड (मंजूर वीजभार) वाढवून घ्यावा, त्यासाठी सबस्टेशनला जागा द्यावी. जागा? इथे सायकल ठेवायला जागा नाही.

@फीडर_पिलर साहेब तुमचं ४५ किलोवॅटचं गणित मी प्रिंट काढून जनरल बॉडीत ठेवणार आहे. पण आळीपाळीने म्हणजे रात्री दोनचा नंबर कुणाचा, ह्यावर भांडण होईल त्याचं काय करू?

फीडर_पिलर

@सेक्रेटरी नंबर माणसाने लावायचाच नाही, यंत्र लावतं, तुम्ही झोपा. मात्र सबस्टेशनच्या जागेला उत्तर माझ्याकडेही नाही, जुन्या इमारतीत ती अडचण खरीच आहे.

आणि एक मुद्दा सगळेच विसरताय. रात्रीची वीज स्वस्त हे आता जुनं झालं. सोलर वाढल्यापासून दुपारची वीज स्वस्त. केंद्राच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचना बघा, सार्वजनिक चार्जिंगला सकाळी ९ ते दुपारी ४ विजेचा दर वीज पुरवायच्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट आणि बाकी वेळी १.३ पट. म्हणजे जवळपास दुप्पट फरक. दुपारी तुमची गाडी कुठे असते? बीकेसीत, अंधेरीत, नाहीतर स्टेशनबाहेर. मग सोसायटीत एवढं डोकं फोडण्याऐवजी ऑफिसच्या आणि स्टेशनच्या पार्किंगमध्ये साधे स्लो पॉइंट लावले तर? आठ तास गाडी उभीच असते, फास्ट चार्जरची गरजच नाही.

आणि हो, मुंबईत वीज बाहेरून आणायलाच मर्यादा आहेत. १२ ऑक्टोबर २०२० आठवत असेल, मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या, शहर वेगळं काढून वाचवायची आयलंडिंगची यंत्रणाही त्या दिवशी टिकली नाही. २०२३ मध्ये बाहेरून वीज आणणारी खारघर-विक्रोळी ४०० केव्ही लाइन सुरू झाली म्हणून जरा श्वास मिळाला. उन्हाळ्यात मागणी ४००० मेगावॅटच्या वर जाते, आणि संध्याकाळी एसी चालू असताना त्यात गाड्यांची भर नको.

मुलुंड_महावितरण

गंमत म्हणजे राज्यात चार्जिंगची नोडल एजन्सी, म्हणजे सगळ्यांचा समन्वय करणारी संस्था, महावितरण, आणि मुंबईत महावितरणची वीज आमच्या भांडुप-मुलुंडपुरती. शहरात बेस्ट, उपनगरात अदानी-टाटा. म्हणजे नोडल एजन्सी ज्यांची वायर आहे त्यांना पत्र लिहिणार, ते आयोगाचं नाव सांगणार, आयोग सुनावणी ठेवणार. विक्रोळी साहेब, तोवर एक्स्टेंशन वायर जरा चांगल्या गेजची घ्या, आणि जोड उघडा ठेवू नका.

विक्रोळी_पूर्व

ऑफिसमध्ये स्लो पॉइंटची कल्पना आवडली, पण माझं ऑफिस भाड्याच्या जागेत आहे, तिथे मालकाला विचारावं लागेल. म्हणजे पुन्हा एक सेक्रेटरीच. माझं मत तेच, मीटरची रेघ पार्किंगपर्यंत सरकवा. फार तर गिरगावकरांसाठी असं करा, खर्च फक्त ईव्ही कनेक्शन घेणाऱ्यांच्या बिलात हप्त्याने लावा, दहा वर्षांत फेडू.

गिरगावकर_चाळ

हप्त्याने, आणि फक्त त्यांच्याच बिलात? असं आयोगापुढे लेखी मांडत असाल तर खाली माझी पण सही घ्या.