अनुभव धागा: उतरवलेली माळ पुन्हा गळ्यात येते का?

तुळसमंजिरी
देव्हाऱ्याचा खण आवरताना तुळशीची जुनी माळ हाती आली. दोरा कुजलेला, मणी घामानं काळे पडलेले, दोन-तीन चिरलेले. म्हणून हा धागा. कडक पंथ किंवा धर्म सोडलेला माणूस परत श्रद्धेवर येतो का? "मन शुद्ध हवं" एवढंच लिहू नका, ते सगळ्यांना पाठ आहे. परत यायचं तर काय काय करावं लागतं आणि घोडं कुठं अडतं ते लिहा. वारकरीच हवेत असं नाही.

इंद्रायणीकाठ
राम कृष्ण हरी. चिरलेले मणी पुन्हा ओवू नका, तुळशीच्या बुंध्यात पुरा. (इंद्रायणीत नको, तिथं आधीच फेस तरंगतोय.) नवी 108 मण्यांची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवून फडाच्या (वारकऱ्यांच्या गटाच्या) महाराजांकडून किंवा गावातल्या जुन्या माळकऱ्याच्या हातून घालून घ्यायची. नेम तेच: मद्यमांस बंद, दर पंधरवड्याची एकादशी, रोज हरिपाठ, वर्षाला एक तरी पंढरीची वारी. परत आलेल्याला ना वेगळा विधी, ना दंड.

अडतं ते पुढं. माणूस पहिल्याच दिवशी सगळं अंगावर घेतो. हरिपाठाचे 27 अभंग, त्यावर काकडा, त्यावर निर्जळी एकादशी. आठवड्यात दम तुटतो.

खमंग_फोडणी
आणि गटारीला माळ खुंटीला 😄

इंद्रायणीकाठ
हसू नका ताई, तेच होतं. आषाढी एकादशीनंतर जेमतेम एकोणीस दिवसांनी गटारी. म्हणून जाणती मंडळी सांगतात, आषाढीला नुसता नेम धर, गळा मोकळा ठेव. चातुर्मास निभला तर कार्तिकीला माळ घाल. चार महिन्यांत स्वतःलाच कळतं. माळ घालून मोडण्यापेक्षा हे बरं.

वसईचा_वारा
कॅथलिकांचं सांगतो, घाईत आहे. बाप्तिस्मा एकदाच होतो. वीस वर्षं चर्चची पायरी चढला नाहीत तरी तो पुसला जात नाही, म्हणून पुन्हा घ्यायचा नसतो. परत यायची वाट पापनिवेदनातून (कन्फेशन) जाते. शेवटचं पापनिवेदन कधी केलं ते आधी सांगायचं, नेमकं आठवत नसेल तर अंदाजे वर्षं. मोठी पापं प्रकार आणि साधारण संख्येसकट, बारीकसारीक नाही सांगितली तरी चालतं. मग फादर प्रायश्चित्त सांगतात, पश्चात्तापाची प्रार्थना होते, क्षमा मिळते. ख्रिस्तप्रसादाआधी (कम्युनियन) एक तास पोटात काही नको, पाणी आणि औषध चालतं.

बहुतेकांचं घोडं लग्नापाशी अडतं. फक्त कोर्टात लग्न झालेलं असेल तर आधी ते चर्चच्या नियमात बसवून घ्यावं लागतं, तोवर ख्रिस्तप्रसाद नाही. हे फादरना पहिल्याच भेटीत सांगा. आणि ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात जाऊ नका, रांगेत प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटंसुद्धा येत नाहीत. साधा शनिवार गाठा.

खमंग_फोडणी
गोव्यात पापनिवेदनालाच कुमसार म्हणतात ना?

वसईचा_वारा
हो, तेच.

म्युनिकमधून
इथं धर्म सोडणं हे सरकारी काम आहे. जर्मनीत पत्ता नोंदवताना फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. वसई-गोव्याकडची नवी मुलं सहज 'कॅथलिक' लिहितात आणि पगारपत्रकात चर्च कर दिसला की दचकतात. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये 8 टक्के, बाकी राज्यांत 9. पण हे टक्के पगारावर नाहीत, आयकराच्या रकमेवर आहेत! इथंच लोक हिशेब चुकतात. सोडायचं तर बायर्नमध्ये नोंदणी कार्यालयात स्वतः जाऊन सही करायची, काही राज्यांत ते काम न्यायालयात होतं. 2012 पासून इथल्या बिशपांचा नियम असा की असं नाव काढलेल्याला संस्कार मिळत नाहीत. परतायचं तर आपल्या भागातल्या चर्चच्या फादरकडे जायचं, आणि कर पुन्हा सुरू. देवावर विश्वास शाबूत आणि वाकडं फक्त कराशी, अशीही मंडळी त्या रांगेत असतात.

खमंग_फोडणी
म्हणजे श्रद्धेवरही टीडीएस 😂

रिद्धपूरवाट
दंडवत प्रणाम. महानुभावांत प्रश्न देव्हाऱ्यापेक्षा स्वयंपाकघराचा होतो. उपदेश घेतला की भक्ती एका परमेश्वराची, म्हणजे त्याच्या पाच अवतारांची, पंचकृष्णांची. बाकी देवतांची पूजा नाही आणि त्यांचा नैवेद्यही खायचा नाही. आता सासरी गौरी-गणपती असले की पंचाईत. म्हणून काही घरांत नैवेद्य दाखवायच्या आधीच उपदेशी माणसाचं ताट वाढून ठेवतात. मोदक तोच, पण आधी काढलेला. ही सोय सासूबाईंशी पहिल्याच वर्षी बोलून घेतली तर टिकते. नाहीतर माणूस नामस्मरणावर परत येतो आणि ताटावरून पुन्हा सुटतो.

पाचपावली
बाबासाहेबांनी धम्मदीक्षेवेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात जो धर्म सोडला, तो पुन्हा न धरण्यासाठीच सोडला. तिथं "परत विश्वास" हा शब्दच उलटा पडतो. धम्मात सद्धा (श्रद्धा) आहे, पण ती डोळे मिटून ठेवायची नाही. एहिपस्सिको, ये आणि बघ. घरात सुरुवात करायची तर त्रिशरण-पंचशील रोज एका ठरलेल्या वेळी, पाच मिनिटं. पालीचे उच्चार नीट येईस्तोवर अर्थ बाजूला लिहून ठेवा. नाहीतर तेही नुसतं पाठांतर होतं, आणि पाठांतर तर मागे सोडून आलोय.

दुपारची_ओपीडी
पेशंटच्या मधल्या वेळात लिहितेय. परतायच्या आधी एक गोष्ट तपासा: ओढ आहे की भीती? खूण सोपी. एकादशी चुकली तर हळहळ वाटते आणि दुसऱ्या दिवशी विसरायला होतं, ती ओढ. छातीत धडधड, हात पुन्हा पुन्हा धुणं, तोच श्लोक बरोबर म्हटला का म्हणून सात वेळा म्हणणं, आणि तरी समाधान नाही, हे वेगळं. धार्मिक स्वरूपाचा ओसीडी (मंत्रचळ) असतो, त्यावर उपचार आहेत. अशा वेळी नेम वाढवला की त्रास वाढतो, कारण प्रत्येक आवर्तनानं भीतीला खाणं मिळतं. धर्मगुरू समजूतदार असतील तर तेच सांगतात, "एकदा म्हटलंस, पुरे."

कायद्याचंबोला
परतायचं नाही म्हणून गाव किंवा जमात वाळीत टाकत असेल तर महाराष्ट्रात 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांत किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे. लग्नाला, मयताला येऊ न देणं, कब्रस्तान-स्मशान नाकारणं हेही त्यात येतं. तोंडी फर्मानाचे साक्षीदार, व्हॉट्सॲपचे मेसेज जपून ठेवा, डिलीट करू नका.

तुळसमंजिरी
सगळ्यांचे आभार, कुकर उतरवून निवांत वाचते. इंद्रायणीकाठ दादा, कॅलेंडरात कधी दोन एकादश्या दिसतात, त्यातली कुठली धरायची?

इंद्रायणीकाठ
भागवत. स्मार्त सोडा. वर्षाला 24, अधिक महिना आला की 26.

तुळसमंजिरी
आणि चांगले मणी उरलेत शंभरेक. त्यांचं काय?

इंद्रायणीकाठ
शंभर आहेत तर आठ नवे घालून ओवा की. दोरा सुती, दुहेरी, मेण लावलेला. ओवताना दोन बोटं सैल ठेवा. ताठ ओवली तर भोकाच्या कडेला दोरा कापतो. अंघोळीतही माळ गळ्यातच राहते, त्यामुळे गाठ ओली राहून कुजते. वर्षाला एकदा दोरा बदला. आणि तुटली तर पुन्हा ओवून होईतो अन्न घेत नाहीत, म्हणून पिशवीत एक जादा माळ असू द्या.

खमंग_फोडणी
मेण कसलं? मेणबत्तीचं चालेल?

इंद्रायणीकाठ
मधमाशीचं बघा. मेणबत्तीचं सुटून पांढरी भुकटी मानेवर पडते.