ओस्लो करार कोणी बुडवला, आणि आता शांततेची जबाबदारी कोणाची?

मुठेकाठचा (धागाकर्ता)

इस्रायल-पॅलेस्टाइनचा विषय निघाला की 'टाळी एका हाताने वाजत नाही' हे कोणीतरी म्हणतंच. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

१३ सप्टेंबर १९९३ रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफत यांनी ओस्लो करारावर हात मिळवले. पाच वर्षांचा संक्रमणकाळ ठरला. तेवढ्यात जेरुसलेम, निर्वासित, सीमा, वसाहती (ताब्यातल्या जमिनीवर वसवलेली इस्रायली गावं) हे अवघड विषय मिटवायचे होते. मधल्या काळापुरते १९९५ मध्ये वेस्ट बँकेचे (जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा पॅलेस्टिनी प्रदेश) अ, ब, क असे विभाग पाडले. 'क' म्हणजे सुमारे ६० टक्के जमीन, आणि तिथे बंदोबस्तापासून बांधकाम परवान्यापर्यंत सगळं इस्रायलच्या हातात. ती तात्पुरती सोय अजून तशीच चालू आहे. करार झाला तेव्हा पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकेत लाखाच्या थोडे वर वसाहतवाले होते. आज पाच लाखांच्या आसपास आहेत. ज्या जमिनीबद्दल बोलणी करायची, तिच्यावरच एक बाजू घरं बांधत सुटली, तर समोरच्याने बोलायचं कशाबद्दल?

नाकी, पाणी, परवाने, हवाई हद्द ज्याच्या ताब्यात, शांततेचा पहिला आणि मोठा वाटा त्याने उचलायचा. पॅलेस्टिनी नेते धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणत नाहीये.

खडूस काका

साफ असहमत. वसाहती मोजल्यात, बसगाड्या विसरलात. फेब्रुवारी-मार्च १९९६ मध्ये जेरुसलेमच्या १८ नंबरच्या बसमध्ये आठवड्याच्या अंतराने दोनदा स्फोट झाले. हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेला करार मोडायचाच होता, आणि तो मोडला. मे महिन्यात राबिननंतरचे पंतप्रधान पेरेस अगदी थोडक्यात हरले आणि कराराचे विरोधक नेतान्याहू आले.

पुढे २००० ला कॅम्प डेव्हिडची बोलणी, त्याच डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांचा आराखडा, २००८ ला इस्रायलचे पंतप्रधान ऑल्मर्ट यांचा प्रस्ताव. दरवेळी पॅलेस्टिनींकडून होकार आला नाही. २००५ मध्ये गाझातल्या सगळ्या २१ वसाहती इस्रायलने स्वतः उठवल्या, दोन वर्षांत तिथे हमासचं राज्य आलं. सत्ता हातात आली की जबाबदारीही येते, हा नियम हमासला लागू नाही का?

अशदोदकर

आईवडील अलिबाग तालुक्यातले, मी वाढलो इथे इस्रायलमध्ये. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात अजून मराठी चालते, त्यामुळे इथे लुडबूड करतो.

१९९२ मध्ये आमच्या घरातली मतं राबिनच्या पक्षाला गेली होती. २००१ मध्ये त्याच घरातून उजव्या बाजूच्या शेरॉनना गेली. मधल्या वर्षांत बसमध्ये कोण चढतंय हे बघायची सवय लागली होती. काका म्हणतात ते इथपर्यंत खरं आहे.

पण काका, राबिनना हमासने नाही मारलं. ४ नोव्हेंबर १९९५ ला तेल अवीवमध्ये गोळ्या झाडणारा यिगाल आमिर आमच्यातलाच. त्याच्या आदल्या वर्षी हेब्रॉनच्या मशिदीत २९ नमाजींना मारणारा गोल्डस्टाइनही आमच्यातलाच. ज्यांच्या दिवाणखान्यात त्या गोल्डस्टाइनची तसबीर वर्षानुवर्षं होती, ते बेन ग्वीर २०२२ च्या शेवटी राष्ट्रीय सुरक्षा मंत्री झाले. त्यांना मतं देणारे माझे शेजारी आहेत. ही जबाबदारी मी अराफतच्या नावावर कशी टाकू?

तिरकस

आणि पंच कोण? अमेरिका. २०१६ च्या करारानुसार दहा वर्षांत ३८ अब्ज डॉलरची लष्करी मदत एका संघाला देणारा पंच. चालू द्या.

मुठेकाठचा

काका, २००८ चं अर्धंच सांगितलंत. ऑल्मर्ट यांनी पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बासना नकाशा दाखवला, पण प्रत हातात दिली नाही. शिवाय भ्रष्टाचाराच्या चौकशीमुळे पद सोडणार असल्याचं ते आधीच जाहीर करून बसले होते. उद्या खुर्चीवर नसणाऱ्या माणसाच्या नकाशावर सही कोण करेल?

खडूस काका

सही केली असती तर तो नकाशा पुढच्या प्रत्येक पंतप्रधानाच्या गळ्यात पडला असता. राजकारणात कागद मागे राहतो.

आणि ७ ऑक्टोबर २०२३ बद्दल चकार शब्द नाही? हमासच्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसं मारली गेली. गाझाच्या सीमेजवळच्या बेएरीत मारल्या गेलेल्यांत व्हिव्हियन सिल्व्हर होत्या, गाझातल्या रुग्णांना इस्रायली दवाखान्यांत पोचवणाऱ्या बाई. त्यांनाही जिथे सोडलं नाही, तिथे 'पहिलं पाऊल तुम्ही उचला' हे पुण्यात बसून सांगणं सोपं आहे.

मुठेकाठचा

त्याच बाईंचा मुलगा, योनातन झायगेन, आईच्या हत्येनंतर शांततेच्या कामात उतरला. तो पुण्यात बसलेला नाही. हमासने केलं ते हत्याकांडच, त्याला दुसरं नाव नाही. पण त्यानंतर गाझात, तिथल्या आरोग्य खात्याच्या आकड्यांनुसार, ६० हजारांहून जास्त माणसं मेली. त्यातल्या पोरांनी कुठला प्रस्ताव नाकारला होता?

संध्या_प

तुम्ही दोघंही मागचा हिशेब करताय. मला पुढचं विचारायचंय: पॅलेस्टिनींकडून सही करणार कोण? अब्बास जानेवारी २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले, ते अजून आहेतच. २००६ मध्ये हमासला १३२ पैकी ७४ जागा मिळाल्या, त्यानंतर संसदेचीही निवडणूक नाही. दुसरीकडे २०१८ पासून कतारचे पैसे इस्रायलच्या संमतीनेच गाझात जात होते. गाझात हमास, वेस्ट बँकेत अब्बास, असा दुभंगलेला शेजारी नेतान्याहूंना सोयीचाच होता.

वसाहतींचं बांधकाम थांबवायला इस्रायलला कोणाची सही लागत नाही. निवडणुकीचं तसं नाही. २०२१ मध्ये अब्बासनी ती पुढे ढकलली, कारण पूर्व जेरुसलेममध्ये मतदान होऊ देण्याची हमी इस्रायलने दिली नाही.

खडूस काका

कारण कसलं, निमित्त! अब्बास यांच्या फतह पक्षाच्या तीन वेगळ्या याद्या झाल्या होत्या, हरायची धास्ती होती.

संध्या_प

असेल निमित्त. मग इस्रायलने ती हमी देऊन निमित्त काढून घ्यायचं होतं.

अशदोदकर

संध्याताई, आमच्याकडे तो मुद्दा निवडणूक प्रचारात मांडून बघा. अनामत जप्त होईल. तरी मांडायला हवा.