मदत हवी आहे: स्टेरॉइड कमी करताना डीएचईएच्या गोळ्या घ्याव्यात का?

नमस्कार मंडळी. आम्ही लालबागला राहतो. आईला संधिवातासाठी सहा वर्षं रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) चालू होतं. आता डॉक्टर दर महिन्याला १ मिलिग्रॅम कमी करतायत, सध्या ४ वर आलोय. सकाळी ८ च्या रक्ततपासणीत कॉर्टिसॉल (शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड हार्मोन) कमी निघालं. बाहेरून इतकी वर्षं मिळाल्यामुळे मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायचं विसरल्यात, त्या जाग्या व्हायला कित्येक महिने लागू शकतात, असं त्यांनी समजावलं.

पण आईची दशा बघवत नाही. परवा कुकरचं झाकण लावता लावता ओट्याला धरून खालीच बसली, कपाळावर गार घाम. पोहे पुढ्यात तसेच राहतात. मावसभावाने ऑनलाइन डीएचईएच्या (त्याच ग्रंथींतल्या दुसऱ्या एका हार्मोनच्या) कॅप्सूल मागवून दिल्यात, 'हार्मोन भरून निघेल' म्हणून. डबी अजून फोडलेली नाही. डीएचईए म्हणजे कॉर्टिसॉल नव्हे एवढं मला कळतं, त्याच्या भरवशावर प्रेडनिसोलोन बंद करणार नाही.

कुणाच्या घरी हे झालंय का? प्रेडनिसोलोनऐवजी हायड्रोकॉर्टिसोनवर (औषधरूपातलं कॉर्टिसॉल) आणल्यावर थकवा कमी झाला का? ताप किंवा उलट्या झाल्या तर डोस वाढवायचा असतो म्हणे, ते तुम्ही डॉक्टरांकडून लिहून घेतलं होतं का? आणि परळ-दादरकडे एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) सुचवा, आईला लोकलचे जिने झेपत नाहीत. पुढची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे, तोवर थांबावं की आधीच दाखवावं?